नानांचे गुडघे आणि लाल बोर्ड

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, किस्से तसेच साठतात. कुणी मुद्दाम साठवत नाही. दिवसभर आपण आपलं काम करत असतो आणि शिफ्ट संपताना झाडू घेऊन वाकलं की ढीग दिसतो. आमच्या ग्रुपमधला सगळ्यात मोठा ढीग नानांच्या गुडघ्यांखाली आहे.

रविवारी सकाळी तळवड्याच्या एका टपरीवर आम्ही मेंटेनन्स डिपार्टमेंटचे जुने लोक जमतो. कुणी रिटायर झालेला, कुणी त्या वाटेवर. विषय इलेक्शनचा निघो की ट्रॅफिकचा, दुसऱ्या चहाला कुणीतरी म्हणतंच, "ते नानांचं सांगा राव." नाना समोरच बसलेले असतात. स्वतःचाच किस्सा ते पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकतात आणि शेवटी म्हणतात, "आसं झालंच न्हवतं. पण सांग, बरं वाटतंय."

नाना चाकणजवळच्या एका गावचे. फर्स्ट शिफ्टला कंपनीत फिटर, दुपारनंतर रानात शेतकरी. मी लातूरकडचा. भोसरीत भाड्याच्या खोलीत आलो तेव्हा मिसरूड फुटलं होतं, आता तेही पांढरं झालं. तरी नाना मला अजून "पाव्हणं"च म्हणतात.

आता बैलाचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय गुडघ्यांना अर्थ नाही. रिटायरमेंटच्या आधीच्या शेवटच्या बोनसमधून आम्ही टीव्ही घेतले, फ्रिज घेतले. नानांनी एक खोंड घेतला आणि त्याचं नावच ठेवलं बोनस. आमचे टीव्ही बंद पडले, बोनस अजून पळतोय.

पळतो म्हणजे घाटात. आमच्याकडे घाट म्हणजे बैलगाड्याच्या शर्यतीची चढाची धावपट्टी. गाड्यावर कुणी बसत नाही. बैल रिकामा गाडा घेऊन चढ पळत जातात, वरचं निशाण ओलांडतात, आणि मग वरच्या मोकळ्या रानात त्यांना कुणीतरी थांबवावं लागतं. पळवायला गाव असतं, थांबवायला एखादाच. नानांच्या गाड्याला तो एखादा म्हणजे नाना. "हो बाबा, हो" एवढंच म्हणत पुढं जायचे आणि बोनसचा कासरा हातात घ्यायचे.

मग गुडघे गेले. शर्यतीनं नाही, कंपनीच्या फरशीवर उभं राहून गेले. एका यात्रेला नाना "हो बाबा" म्हणाले, पण पुढं जाता आलं नाही. बोनस त्यांच्या शेजारून निघून गेला तो दोन शेतं ओलांडून थांबला. दुसऱ्या दिवशी मला नानांचा फोन आला, "पाव्हणं, गुडघं बदलायचं ठरीवलंय."

*

चिंचवडच्या एका हॉस्पिटलात दाखवायला गेलो. नाना, त्यांची बायको म्हणजे आमच्या काकू, आणि मी. डॉक्टर चांगला माणूस. तो प्रत्येक पेशंटला विचारायचा, "ऑपरेशननंतर तुम्हाला काय करायला आवडेल?" आमच्या आधीच्या आजी म्हणाल्या होत्या, नातीकडे तिसऱ्या मजल्यावर जायचंय. त्यांच्या आधीचे गृहस्थ म्हणाले होते, मांडी घालून पूजेला बसायचंय.

नाना म्हणाले, "बैल धरायचाय."

डॉक्टरांनी पेन उचललं. "म्हणजे गोठ्यात?"

"न्हाई. पळताना."

"कोण पळताना?"

"बैल. मी कशाला पळतोय? मी फकस्त त्याच्या म्होरं जातो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि काकूंना विचारलं, "हे नेहमी असंच बोलतात?"

काकू म्हणाल्या, "आज कमीच बोलल्यात. फॉर्मात न्हाईत."

*

दोन्ही गुडघे एकदमच बदलू, असं डॉक्टरांचं मत होतं. वय आहे, तब्येत चांगली आहे, एकदाच काय तो त्रास. नाना ऐकेनात.

"साहेब, मी उभा जल्म मेंटेनन्समधी काढला. दोन मशीन शेजारी आसल्या तर दोन्ही एकदम खोलत न्हाईत. एक चालू ठेवायची, दुसरी खोलायची. प्रोडक्शन थांबाय नको."

डॉक्टरांनी बरंच समजावलं. शेवटी उजवा आधी, डावा नंतर असं ठरलं. उजवा झाला. नाना एक नवा आणि एक जुना गुडघा घेऊन घरी हिंडू लागले आणि आठवड्याभरात रडकुंडीला आले. नवा पुढं जायचा, जुना यायचाच नाही.

आम्ही भेटायला गेलो तर म्हणाले, "नवीन भरती आन् परमनंट एका लाइनीवर लावल्यावर आसंच हुतंय. ह्यो काम करतोय आन् त्यो नुसता बघतोय." डावा लवकर करून घेतला.

*

आता बोर्ड. हा नीट ऐका, पुढं लागणार आहे.

आमच्या डिपार्टमेंटचा एक नियम होता. मशीन दुरुस्तीला घेतलं की मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर लाल बोर्ड अडकवायचा, "काम चालू आहे. हात लावू नये." आणि ज्यानं बोर्ड लावला, त्यानंच काढायचा. मॅनेजर येऊ दे, मालक येऊ दे, दुसऱ्यानं काढायचा नाही. कारण मशीनच्या पोटात कुणाचा हात आहे ते बोर्ड लावणाऱ्यालाच ठाऊक असतं. काढण्याआधी मोठ्यानं विचारायचं, "सगळे बाहेर?" उत्तर आलं की मगच लाईन सोडायची, म्हणजे वीज चालू करायची. या नियमामुळे आमच्यातल्या प्रत्येकाची बोटं आज शाबूत आहेत.

रिटायर होताना मी असला एक जुना बोर्ड आठवण म्हणून मागून घेतला होता. नानांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी मी तो नेऊन गंमत म्हणून त्यांच्या पलंगाच्या पायथ्याला अडकवला. नाना गुंगीत होते, तरी हसले. काकूही हसल्या. मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या. रावेतच्या, तरुण, हसऱ्या. म्हणाल्या, "चला नाना, आज उभं राहायचं."

नानांनी बोर्डाकडे बोट केलं.

मॅडमना गंमत वाटली. त्यांनी बोर्ड काढून खुर्चीवर ठेवला. नाना म्हणाले, "परत लावा."

"अहो नाना..."

"ज्यानं लावलाय त्यो काढंल. तवर मशीन चालू हुनार न्हाई."

मॅडमनी समजावलं, नर्सनं समजावलं, राऊंडला आलेले डॉक्टर रागावले. नाना हलेनात. शेवटी काकूंनी मला फोन लावला, "भावजी, या आन् तुमचा बोर्ड काढा. हिथं समदी खोळंबल्यात."

मी आंघोळ अर्धी टाकून भोसरीहून टू-व्हीलर काढली. सकाळची वेळ, कंपन्यांच्या बसेस, सिग्नलला मुंगीला वाट नाही. पोचलो तेव्हा पलंगाभोवती अर्धा वॉर्ड उभा. मी बोर्डाला हात घातला आणि माझ्याही तोंडातून सवयीनं निघालं, "सगळे बाहेर?"

नाना म्हणाले, "सगळे बाहेर. हत्यारं मोजली?"

हे त्यांनी डॉक्टरांकडे बघून विचारलं. डॉक्टर गडबडीनं म्हणाले, "हो, हो, मोजली."

"मग सोडा लाईन," म्हणाले आणि वॉकर धरून उभे राहिले. मॅडम पुढं कित्येक दिवस सांगायच्या की दुसऱ्या दिवशी इतकं सरळ उभं राहिलेला पेशंट त्यांनी पाहिला नव्हता.

*

बोर्ड मी काढला, पण परत न्यायला विसरलो. तो काकूंच्या हाती लागला.

नाना घरी आले आणि चौथ्या दिवशी काठी टेकत गोठ्याकडे निघाले. काकूंनी अडवून पाहिलं. रागावून पाहिलं, रडून पाहिलं. माणूस ऐकेना. एके सकाळी नाना गोठ्यापाशी गेले तर दाराला लाल बोर्ड.

तुम्ही म्हणाल, काढून टाकायचा. आम्हीही तेच म्हणालो. नाना म्हणाले, "म्या लावलाय का?"

पुढचे कित्येक दिवस नाना गोठ्याच्या दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बोनसशी बोलायचे. आत बोनस रवंथ करायचा, बाहेर हे गावच्या बातम्या सांगायचे. गवळ्यानं एकदा विचारलं, "नाना, आत का जात न्हाई?" नाना म्हणाले, "परमिट न्हाई."

काकू कट्ट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी म्हणालो, "काकू, तुम्ही तर मॅनेजरच्या वर निघालात."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भावजी, मला बैलाचं भ्या न्हाई. ह्यांना परत उचलायचं भ्या हाय. दोन बारी झालं, म्या ह्यांना न्हाणीत धरून न्हेलंय, धरून आणलंय. तिसऱ्यांदा पडलं तर कोण उचलंल? मलाबी गुडघं हायेत की." हे बोलताना त्यांनी स्वतःचा गुडघा दाबला. तोवर आमच्यापैकी कुणाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं, आणि मला फार लाज वाटली.

*

मॅडमनी चालायची परवानगी दिली तेव्हा काकूंनी गोठ्याचा बोर्ड काढला. नानांच्या मोबाईलमध्ये मॅडमनी पावलं मोजायचं काहीतरी टाकून दिलं. रोजचा आकडा त्यांना आपोआप जायचा.

पहिले काही दिवस आकडा बेताचा होता. मग एकदम वाढला. मग इतका वाढला की मॅडमनी तो आपल्या सगळ्या पेशंटच्या ग्रुपवर टाकला. "चाकणचे नाना बघा, तुम्ही का नाही?" रावेतच्या एका सोसायटीतल्या आजोबांनी ते मनावर घेतलं. नानांना गाठायचंच म्हणून पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या आणि पाय सुजवून मॅडमकडे आले.

मॅडमना शंका आली. त्या थेट नानांच्या घरी. नाना अंगणात खुर्चीत, हातात चहा. मोबाईल कुठाय विचारलं तर नानांनी रस्त्याकडे बोट केलं. नानांचा पुतण्या सुदाम बोनसला फिरवून आणत होता आणि बोनसच्या गळ्यात घुंगरांच्या शेजारी कापडी पिशवीत मोबाईल.

मॅडम म्हणाल्या, "नाना, ही फसवणूक आहे."

नाना म्हणाले, "घरातलं एक मानूस चालल्याशी मतलब."

मॅडम खूप चिडल्या. जाताना मात्र बोनसच्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "याची चाल चांगली आहे. तुमचीही अशीच झाली पाहिजे." त्या वाक्यानं काम केलं. दुसऱ्या दिवसापासून नाना स्वतः चालायला लागले, बोनसच्या जोडीनं.

*

पुढं घाटांचा सीझन सुरू झाला. बैल धरायला काकूंची सक्त मनाई. मग नानांना घाटात कोणत्या कामाला लावायचं, असा आम्हा सगळ्यांपुढं प्रश्न. माणूस घरी ठेवला तर झुरतो, घाटात आणला तर पुढं धावतो. आम्ही ठरवलं, एखादं बसून करायचं काम देऊ.

आधी घड्याळ दिलं. गाडा सुटला की बटण दाबायचं, निशाण ओलांडलं की परत दाबायचं. परक्यांच्या गाड्यांना नानांनी घड्याळ चोख लावलं. मग बोनसचा गाडा आला. धुरळा, आरोळ्या, गाडा वर. पंचांनी विचारलं, "नाना, किती सेकंद?"

नानांच्या हातात घड्याळ तसंच. तोंड उघडं. म्हणाले, "लई भारी."

"आवो सेकंद किती?"

"आता सेकंद काय सांगू? तुमी बघितलं न्हाई का?"

पुढच्या गावच्या घाटाला माईक दिला. माईकवाल्याचं काम सोपं. येईल त्या गाडामालकाचं कौतुक करायचं. नानांनी एका मालकाचं नाव पुकारलं आणि त्याच दमात म्हणाले, "मालक, बैल झ्याक हायेत, पर तुमी डाव्या पायावर लंगडताय. गुडघा दावून घ्या. आंगावर काढू नका. माझ्यासारखं हुईल."

लोक हसले. नानांना चेव आला. "त्ये निळ्या शर्टाचं पाव्हणं, तुमीबी. जिना उतरताना दुखतंय का चढताना? उतरताना? मग आजून येळ हाय, येऊन भेटा."

दुपारपर्यंत स्टेजपाशी पाय दुखणाऱ्यांची रांग लागली आणि गाडे खाली खोळंबले. संयोजक आमच्या पाया पडायचे बाकी राहिले. म्हणाले, "ह्यांना न्या राव. ही बैलगाडा शर्यत हाय, शिबिर न्हाई."

*

मधेच एक लहानसा सांगतो. एका यात्रेत जेवणाची पंगत बसली. नानांना खाली बसता येत नाही, म्हणून सुदामनं पंगतीत खुर्ची टाकली आणि पुढ्यात स्टूल. सगळं गाव खाली, नाना एकटे वर.

इतक्यात एक पुढारी आले. गर्दीत त्यांना फक्त खुर्चीतला माणूस दिसला. त्यांनी कार्यकर्त्याच्या हातातली शाल घेतली ती थेट नानांच्या अंगावर, हातात नारळ, फोटो. ज्यांचा सत्कार होता ते मास्तर तिथंच जमिनीवर आमटी ओरपत बसलेले.

पुढारी गेल्यावर नानांनी शाल काढून मास्तरांच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "मास्तर, शाल तुमची. नारळ ऱ्हाऊ द्या, गुडघ्याचा मान हाय."

*

आता शेवटचा. हा मी रोज सांगत नाही.

यंदा नानांच्या स्वतःच्या गावची यात्रा. नानांचे गुडघे आता चांगले. जिना चढतात, शेताला फेरी मारतात, बोनसबरोबर रोज चालतात. मॅडमनीही सांगितलं होतं, चालणं मस्त आहे, फक्त धक्का बसायला नको. नानांनी त्यातलं "मस्त आहे" एवढंच ऐकलं आणि काकूंच्या मागं लागले, "एकच बारी. बोनसला वर फकस्त धरतो." काकू नाही म्हणाल्या. तीन दिवस हेच चाललं. अखेर सुदामनं मध्यस्थी केली. नानांनी घाटात यायचं, अगदी वर निशाणापाशी बसायचं, पण मंडपात, खुर्चीत. बोनसला सुदाम धरेल.

नाना कबूल झाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. बोनसचं वय झालंय, पुढच्या वर्षी तो पळेल का नाही कुणी सांगावं. धरायचा तर यंदाच, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि काकूंनाही.

मंडपात नाना खुर्चीत बसले. काकू आल्या, पिशवीतून लाल बोर्ड काढला आणि खुर्चीच्या पाठीला अडकवला. अख्खा मंडप हसला. नानाही कसनुसं हसले. काकू मागं बायकांच्यात जाऊन बसल्या.

बोनसच्या गाड्याचा नंबर आला. गाडा सुटला. असा पळाला की घड्याळवाल्यालाही भान राहिलं नसेल. पण वर निशाणापाशी येता येता बोनसला जुवाला बांधणारं गळ्याचं जोतं तुटलं. गाडा बाकीच्या बैलांसकट एका बाजूला गेला, तो धरायला सुदाम तिकडं. आणि बोनस एकटा, मोकळा, कासरा फरफटत, सरळ मंडपाकडं.

मंडपातली माणसं कुठून कुठं गेली सांगता येत नाही. मी पाण्याच्या टँकरमागं होतो, खोटं कशाला बोलू. तिथून मला दिसलं की मंडपात एकच माणूस बसलाय. मी ओरडलो, "नाना, उठा!"

नाना ओरडले, "उठू कसा? बोर्ड लावलाय!"

आणि बोनसकडं तोंड करून, गोठ्याच्या दारातून बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "हो बाबा. हो."

बोनस आला. खुर्चीपाशी येऊन थांबला. धापा टाकत होता, फेस नानांच्या धोतरावर गळत होता. मग त्यानं मान खाली घातली आणि कपाळ नानांच्या मांडीवर टेकवलं. नाना त्याच्या कानामागं खाजवत राहिले. डोळे भरून आले होते, पण ते पुसायलाही त्यांनी हात काढला नाही. कासरा हातभर लांब पडला होता, खुर्चीतून पोचण्यासारखा नव्हता.

कुणी पुढं जाईना. तेवढ्यात मागच्या बाजूनं काकू आल्या. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश, बैलाच्या अगदी शेजारून. त्या पळाल्याच नव्हत्या. त्यांनी खाली वाकून कासरा उचलला आणि नानांच्या हातात दिला. मग खुर्चीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि बोर्ड काढला.

नानांनी मान न वळवता विचारलं, "सगळे बाहेर?"

काकूंनी मंडपभर नजर फिरवली. नुसत्या चपला पडल्या होत्या.

"सगळे बाहेर," काकू म्हणाल्या. "सोडली लाईन. उठा."